बोलायचे बाराशे : थायरॉइड कॅन्सरच्या रिपोर्ट-सल्ल्याचा अनुभव

आधी हिशोब सांगते. केस पेपर १०० रुपये, डॉक्टरांची फी १,२००. बाहेर बसले २ तास २० मिनिटं, आत ५५ मिनिटं. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर आहे, परभणी आगार, त्यामुळं वेळ आणि सुट्टे पैसे ह्या दोन गोष्टींत माझी चूक होत नाही. पाचपैकी चार तारे देते. एक का कापला ते पुढं येईलच.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत. छत्रपती संभाजीनगरला आहे, एवढं पुरे. तिथं आठवड्यातून एक दुपार थायरॉइडच्या कॅन्सरवाल्यांना नुसता रिपोर्ट समजावून सांगायला ठेवलेली असते. औषध लिहून देत नाहीत, इंजेक्शन नाही, काही नाही. "नुसतं बोलायचे बाराशे?" असं आमच्या मालकांनी विचारलंच. मी म्हटलं, तीन महिने फुकट बोलणाऱ्यांचं ऐकलं, त्यातून काय निघालं ते बघितलं ना आपण?

काय निघालं होतं, ते आधी सांगावं लागेल.

गाठ मला स्वतःला दिसलीच नव्हती. पाथरीच्या गाडीत एका म्हातारीला तिकीट देत होते, तर ती तिकीट घ्यायचं सोडून माझ्या गळ्याकडंच बघत राहिली. म्हणाली, "बाई, गळ्याला गाठ दिसायली व तुझ्या." घरी येऊन आरशात बघितलं, थुंकी गिळली की खालीवर व्हायची. सोनोग्राफी झाली, सुई टाकून तपासणी झाली. त्या सुईच्या रिपोर्टवर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, बेथेस्डा ६.

पहिल्या ठिकाणच्या डॉक्टरांनी तो कागद व्हरांड्यात उभ्या-उभ्या वाचला. "कॅन्सर आहे, पण टेन्शन नका घेऊ, हा चांगला कॅन्सर आहे," असं म्हणाले आणि ऑपरेशनला गेले. चांगला कॅन्सर! एवढी वर्षं रस्त्यावर आहे, चांगला अपघात अजून बघितला नाही.

घरी आल्यावर शेजारचा पोरगा रिपोर्ट घेऊन बसला. ६ नंबर म्हणजे सहावी स्टेज, असं त्यानं ठरवलं. कोणीतरी म्हणालं, अरे स्टेज तर चारच असतात. मग तर सगळेच गप्प झाले. चारात न मावणारी सहावी म्हणजे काय असेल, ते ज्यानं त्यानं मनात समजून घेतलं. मग पोरीनं मोबाइलवर शोधलं, तिथं जागोजागी पाच वर्षं, पाच वर्षं, पाच वर्षं जगण्याचं प्रमाण. ते वाक्य आमच्या घरात असं वाचलं गेलं की हिच्याजवळ आता पाच वर्षं आहेत.

सासूबाई तशा मायाळू आहेत. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी देवापुढं दिवा लावून आल्या आणि म्हणाल्या, "पोरीचं उरकून घ्या. हिच्या डोळ्यादेखत होऊ द्या." पोरगी कृषी विद्यापीठात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, तिला पुढं एमएस्सी करायची. पण आईचं असं म्हटल्यावर तीही काही बोलेना. मानवतचं एक स्थळ आलं, बायोडाटाच्या झेरॉक्सही काढून झाल्या. माझं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, पूर्ण थायरॉइड काढली, आणि मी टाके घेऊन घरी पडलेली असताना बाहेरच्या खोलीत देण्याघेण्याचं बोलणं चाललेलं. आवाज बसलेला, मला "थांबा" म्हणायचं तरी ऐकू जाईना कुणाला.

आमच्याकडं कॅन्सर म्हटलं की लोक बार्शीचं नाव घेतात, नाहीतर मग मुंबईला टाटा. ह्या सल्ल्याच्या दुपारबद्दल मला आगारातल्या एका मेकॅनिकनं सांगितलं, त्याची बहीण जाऊन आली होती. ऑपरेशननंतरचा चार पानी रिपोर्ट घेतला आणि गेले.

आता तिथलं. लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर बाकडी आहेत, पण पंखा एकाच टोकाला, त्यामुळं सगळी गर्दी तिकडं. काउंटरवरच्या मुलीनं भर गर्दीत ओरडून विचारलं, "थायरॉइड कॅन्सरवाल्या मावशी कुठंयत?" चाळीस माना वळल्या. मी रोज साठ माणसांसमोर ओरडते, मला लाज वाटत नाही, पण माझ्या बाजूला एक नवी नवरी बसलेली, हातात हिरवा चुडा, तिनं नाव आल्यावर उठायलाच वेळ लावला. ही पहिली तक्रार आणि मोठी तक्रार. नंबर देऊन बोलावता येतं.

डॉक्टर मॅडम न्यूक्लिअर मेडिसिनच्या, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी-उपचार करणाऱ्या. पन्नाशीच्या असतील. त्यांनी पहिलं काय केलं तर मोबाइल उलटा ठेवला आणि विचारलं, "ताई, तुम्हाला काय सांगितलंय आतापर्यंत? तुमच्या शब्दांत सांगा." हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, चांगला कॅन्सर, ६ नंबर, पाच वर्षं आणि पोरीचं लग्न. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मग पेन्सिल घेतली.

६ नंबर आधी खोडला. बेथेस्डा ही स्टेज नव्हेच. सुईतून आलेल्या पेशी बघून तपासणाऱ्याला किती खात्री वाटते, त्याचे १ ते ६ असे गट. १ म्हणजे पेशी पुरेशा आल्याच नाहीत, २ म्हणजे साधी गाठ, ६ म्हणजे कॅन्सरच. अमेरिकेत बेथेस्डा नावाच्या गावात २००७ साली बैठक होऊन ते ठरलं, म्हणून गावाचं नाव. कॅन्सर किती पसरला ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. मालक शेजारी बसलेले, त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग म्हणाल्या, थायरॉइडचा कॅन्सर हे एक नाव आहे, पण आत चार वेगवेगळी माणसं राहतात. पॅपिलरी सगळ्यांत जास्त, दहातले आठ तोच. मग फॉलिक्युलर. मग मेड्युलरी, शंभरात तीन-चार. आणि अ‍ॅनाप्लास्टिक, शंभरात एखाद-दुसरा, बहुतेक म्हाताऱ्या माणसांना होणारा, तो मात्र महिन्यांच्या हिशोबात माणूस नेतो. मोबाइलवर हे चारही एकाच पानावर येतात, आणि घाबरलेला माणूस त्यातलं सगळ्यांत वाईट ते उचलतो. माझ्या रिपोर्टवर त्यांनी एका शब्दाभोवती गोल केला: पॅपिलरी. पोरीला लागण्याची भीती होती, तेही इथंच निपटलं. मेड्युलरीतला साधारण पाव हिस्सा घराण्यातून येतो आणि तिथं घरच्यांची रक्ततपासणी करावी लागते. पॅपिलरी बहुतेक वेळा असा येत नाही.

आता पाच वर्षं. ह्यावर त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला आणि मलाही इथंच सगळ्यांत जास्त कळलं. पाच वर्षं हा मोजायचा टप्पा आहे. रोग सापडल्यापासून पाच वर्षांनी किती माणसं हयात आहेत ते बघायचं, एवढंच. सहाव्या वर्षी काही होतं असं त्यात कुठंच नाही. आणि ही गणती नुसती डोकी मोजून होत नाही. त्याच वयाच्या, कॅन्सर नसलेल्या माणसांशी ती ताडून बघतात, कारण पाच वर्षांत कुणी हार्ट अटॅकनं जातं, कुणी रस्त्यावर. अमेरिकेच्या मोठ्या नोंदणीत पॅपिलरी गळ्यातल्या गळ्यात असेल, जवळच्या लसिका गाठींत (त्या अंगात मुळातच असतात) गेलेला असला तरी, तर हे प्रमाण शंभरात ९९ च्या आसपास येतं. फुप्फुसात किंवा हाडात गेला असेल तर शंभरात साधारण ७५.

मी विचारलं, "मग मी ९९ मध्ये का त्या एकामध्ये?"

त्या म्हणाल्या, "ते ह्या आकड्यातून कळत नाही, ताई."

तिथं माझ्या डोक्यात भारमान आलं. एसटीतल्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते. गाडी किती भरली त्याची टक्केवारी म्हणजे भारमान. परभणी-जिंतूरचं मागच्या महिन्याचं भारमान ७० आलं, तर त्यावरून आगार व्यवस्थापक गाडी वाढवायची का ते ठरवतो. पण उद्या सातच्या गाडीत झरीच्या थांब्यावर उभी असलेली बाई चढेल का नाही, हे भारमान सांगत नाही. आणि ते भारमान मागच्या महिन्याचं आहे. मी हे बोलले तर मॅडम हसल्या, म्हणाल्या, "अगदी. हे आकडेही काही वर्षांपूर्वी सापडलेल्या पेशंटचे आहेत. पाच वर्षं मोजायला पाच वर्षं जावी लागतात ना." पुढच्या पेशंटला हे भारमान सांगणार म्हणाल्या. फीमध्ये सूट मात्र दिली नाही.

एक गोष्ट त्यांनी आपण होऊन सांगितली, आणि ती ऐकल्यावर माझा त्यांच्यावर खरा विश्वास बसला. ९९ हा आकडा थोडा फुगलेलाही असतो. दक्षिण कोरियात सरसकट लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी सुरू झाली, तर १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सर सापडायचं प्रमाण पंधरापट झालं, आणि मरणारे तेवढेच राहिले. म्हणजे ज्या बारक्या गाठींनी जन्मात काही केलं नसतं, त्याही मोजल्या गेल्या. जपानमध्ये तर एक सेंटिमीटरच्या आतल्या गाठी ऑपरेशन न करता नुसत्या बघत ठेवायचं १९९३ पासून चाललंय. "तुमची गाठ २.८ सेंटिमीटरची, बघणाऱ्याला दिसली एवढी. तुम्ही त्या बारक्यांत नाही. तरीही तुमचा हिशोब चांगला आहे, आणि तो तुमच्या कागदावरून सांगते." चांगला हा शब्द तोच, पण ह्या वेळी त्याच्या मागं कागद होता.

कागदावर असं होतं. गाठ २.८ सेंटिमीटर, थायरॉइडच्या बाहेर पडलेली नाही. मानेतल्या ९ लसिका गाठी काढल्या, त्यातल्या ३ मध्ये कॅन्सर. आणि खाली लिहिलेलं, स्टेज १. मी म्हटलं, पसरलाय तर स्टेज १ कशी? टायपिंगची चूक तर नाही? तर चूक नव्हती. ह्या कॅन्सरमध्ये वय सगळ्यांत आधी बघतात. सापडताना वय ५५ च्या आत असेल तर दोनच स्टेज. लांब, म्हणजे फुप्फुसात-हाडात गेला नसेल तर १, गेला असेल तर २. तीन आणि चार नाहीतच. हाच रिपोर्ट ५७ वर्षांच्या बाईचा असता तर स्टेज २ लिहिली असती. आधी ही रेघ ४५ वर होती, २०१८ पासून ५५ वर नेली.

इथं मी अडकले. कागदावर माझा जन्म १ जून १९७३. आमच्या गावात अर्धी शाळा १ जूनलाच जन्मलीय, गुरुजींची कृपा. आई सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात तू पोटात होतीस, खडी फोडायला जायचे. म्हणजे वर्ष इकडं का तिकडं, देव जाणे. हे ऐकून मॅडम म्हणाल्या, "५१ धरा नाहीतर ५२, रेघेच्या आतच आहात." मग पंचावन्नावा वाढदिवस आला की रात्रीतून माझी स्टेज बदलणार का? नाही. सापडली त्या दिवशीची स्टेज कायम राहते. आणि ती रेघ माणसांनी सोयीसाठी ओढलीय, धोका वयाबरोबर हळूहळू चढतो, पायरीनं नाही.

मला वाटलं संपलं. तर त्या म्हणाल्या, आता दुसरा हिशोब, आणि तो पहिल्यात मिसळू नका. स्टेज सांगते मरणाचं. परत येण्याचं वेगळं मोजतात. तीन गाठींमुळं मी परत येण्याच्या मधल्या गटात पडते, शंभरात ५ ते २० च्या दरम्यान. ऐकून पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. पण परत येतो तो बऱ्याचदा मानेतल्याच गाठींत येतो, आणि त्यावर पुन्हा इलाज होतो. परत येणं म्हणजे मरणं नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मालकांकडं बघून.

हा आकडाही तसाच राहत नाही. वर्षभरानं थायरोग्लोब्युलिन नावाची रक्ततपासणी आणि मानेची सोनोग्राफी करायची. ते प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशीच बनवतात. थायरॉइडच काढली तर रक्तात ते दिसायला नको. मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं: आगार बंद केलं आणि तरी त्या आगाराचं नाव लिहिलेली गाडी रस्त्यावर दिसली, तर समजायचं कुठंतरी शेड चालू आहे. सोबत अँटीबॉडीची, म्हणजे त्या प्रथिनाविरुद्ध अंगानंच बनवलेल्या घटकाची, तपासणीही हवीच, ती रक्तात असेल तर हा आकडा खोटा कमी दिसतो. दोन्ही स्वच्छ आले आणि सोनोग्राफीत काही नसलं, तर परत येण्याचा हिशोब शंभरात १ ते ४ वर उतरतो. म्हणजे जिंतूरला पोचल्यावर गाडीतली माणसं पुन्हा मोजायची, परभणीच्या आकड्यावर पुढं जायचं नाही.

आयोडीनच्या उपचाराचं दहा मिनिटांत उरकलं, आणि ते थोडं घाईचंच वाटलं. किरणोत्सारी आयोडीन प्यायला देतात, उरलेल्या थायरॉइडच्या पेशी ते ओढून घेतात आणि त्यातच मरतात. दर आठ दिवसांनी त्याचा जोर निम्मा होतो, आणि मोठा डोस असेल तर वेगळ्या खोलीत राहावं लागतं. कुठं कुठं होतं ते सांगितलं, त्यात परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर, जे भाभा अणुसंशोधन केंद्राचं आहे आणि १९६३ साली निघालं, त्याचंही नाव होतं. आधी एक-दोन आठवडे बिनआयोडीनचं खायचं. त्याचा कागद दिला, आणि तो कागद पूर्ण इंग्रजीत! ही दुसरी तक्रार. तारा इथं कापला. एवढं छान मराठीत बोललात, मग कागदावर सी-फूड आणि डेअरी कशाला? परभणीच्या बाईला समुद्रातलं काय खाऊ नको ते सांगून उपयोग काय, तिला येसर मसाल्याचं सांगा, दुकानातल्या चटणीचं सांगा, चहातल्या दुधाचं सांगा. पोरीनं बसून मराठी केलं. बिनआयोडीनचं मीठ मागायला गेले तर आमचा किराणावाला म्हणाला, "ताई, जनावराचं आहे, चालंल का?" शेवटी संभाजीनगरहूनच मागवलं.

तिसरी तक्रार म्हणावी का नाही कळत नाही. आकड्यांचं सगळं सांगितलं, पण रात्री तीनला जाग येते त्याचं काय करायचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. ५५ मिनिटं झाली होती, बाहेर ती हिरव्या चुड्याची पोरगी बसलेली होती. ओठाला आणि बोटांना मुंग्या येतात हे मात्र सांगितलं, तर लगेच कॅल्शियमची तपासणी त्याच दिवशी करायला लावली. ते कमीच निघालं. ऑपरेशननंतर असं होतं म्हणे, आणि दुर्लक्ष करायचं नसतं. तेव्हापासून पहाटे थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियमची तिच्यानंतर चार तासांनी. पाचच्या ड्युटीला हे जमवणं म्हणजे एक वेगळंच टाइमटेबल.

येताना गाडीत मालक जालन्यापर्यंत काही बोलले नाहीत. मंठ्याच्या पुढं त्यांनी खिशातून मोबाइल काढला, मानवतच्या पाहुण्यांना लावला आणि म्हणाले, "पोरगी शिकायची म्हणतीय. सध्या राहू द्या." समोरून काय बोलले माहीत नाही. सासूबाईंना घरी मी सांगितलं, पाच वर्षं ती मोजायची असतात, उरलेली नव्हेत. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण बायोडाटाच्या झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता त्या दुधाचा हिशोब लिहितात.

कुणाला जायचं असेल तर रिपोर्टचा मोबाइलवरचा फोटो चालत नाही, मूळ कागद न्या, सुईचाही आणि ऑपरेशननंतरचाही. सोबत घरातलं ते माणूस न्या ज्याला निर्णय घ्यायची घाई झालीय. नंबर अकराच्या आत लावा, नाहीतर संध्याकाळ होते. परभणीहून सकाळची गाडी धरली तर डाव्या बाजूला बसा, ऊन लागत नाही. परत येतानाही डावीच बाजू.